‘तुला जमणार नाही’ याचं काय करायचं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षताईंनी केलेलं हे भाषण. ज्या भगिनींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी जसं बोलल्या तसंच इथं देत आहोत. आपापल्या गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

 

अहवाल वाचून झाला, हिशोब मंजूर झाला. आता जेवणाआधी थोडं बोला, असं मला सांगितलंय. भाजीचा वास इथपर्यंत येतोय, म्हणून लांबवत नाही.

आधी एक काम करा. ज्या बाईला आजवर कुणीच म्हटलं नाही की ‘तुला हे जमणार नाही’, तिने हात वर करा.

बघा, एवढ्या मोठ्या मांडवात एकही हात नाही. म्हणजे आज मी जे बोलणार आहे ते सगळ्यांच्याच घरातलं आहे.

गटात नाव घातलं तेव्हा कुणी म्हणालं, ‘पैसे बुडवून बसशील.’ सचिव झालात तेव्हा कुणी म्हणालं, ‘हिला वही लिहिता येते का?’ शेळ्या घेतल्या, शिलाई मशीन घेतलं, ग्रामसभेत उठून बोललात, प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी बोललंच. सभांमध्ये आपल्याला नेहमी सांगतात, लोकांकडे लक्ष देऊ नका, जिद्द धरा, करून दाखवा. मी पण तुम्हाला पुष्कळ वेळा तेच सांगितलंय. आज मात्र जरा वेगळं सांगणार आहे, कारण ‘करून दाखवते’ म्हणण्यात मी एकदा चांगलीच आपटलेय. ती गोष्ट मी आजपर्यंत सभेत सांगितली नव्हती.

आमच्या गटाला बँकेचं पहिलं कर्ज मिळालं तेव्हाचं सांगते. मला मसाला करून विकायचा होता. हाताला चव आहे असं सगळे म्हणायचे. आमचे थोरले भावजी पारावर चार लोकांत म्हणाले, ‘बायकांचा धंदा म्हणजे चार दिवसांची जत्रा.’ ते माझ्या कानावर आलं आणि डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, आता छोटं नाहीच करायचं. यांचे डोळे दिपले पाहिजेत.

गटातून तीस हजार उचलले, दोन रुपये शेकड्याने. मे महिना संपत आलेला. दीडशे रुपये किलोने दोन क्विंटल मिरची आणून टाकली. टेम्पो दारात उभा केला, मुद्दाम पारावरून फिरवून आणला. भावजींनी बघावं म्हणून!

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘पोरी, पावसाळा तोंडावर आलाय. एवढी मिरची ठेवणार कुठं? घर गळतंय.’

मी काय उत्तर दिलं माहितीये? मी म्हणाले, ‘आत्या, तुम्हाला माझं बरं बघवतच नाही.’

त्या गप्प बसल्या. नंतर पंधरा दिवस माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच. जून लागला, पत्र्यातून पाणी आलं, पोती दमट झाली. सत्तर किलो मिरचीला बुरशी आली, ती उकिरड्यावर गेली. राहिलेली एकशेतीस किलो घाईघाईने एकशेवीसच्या भावाने विकली. तीस हजारांचे पंधरा हजार सहाशे हातात आले. चौदा हजार चारशे रुपये गेले आणि वर महिन्याला सहाशे रुपये व्याज. ते मी लोकांच्या रानात खुरपणीला जाऊन, कांदा काढायला जाऊन फेडलं. दीड वर्ष लागलं. मालकांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, त्याचंच जास्त लागायचं.

त्या दीड वर्षात खुरपं चालवता चालवता मी एकच विचार केला. भावजी आणि सासूबाई, दोघांनी माझ्यावर शंका घेतली होती. मी दोघांना एकाच मापाने मोजलं. भावजींच्या बोलण्यात टोमणा होता, सासूबाईंच्या बोलण्यात प्रश्न होता. ‘ठेवणार कुठं?’ हा साधा, सरळ, उत्तर देता येईल असा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी शोधलं असतं तर एकतर वीसच किलो मिरची आणली असती, नाहीतर शाळेजवळच्या कोरड्या खोलीत ठेवायची सोय केली असती. मी तो प्रश्न ऐकलाच नाही, कारण मला फक्त ‘नाही’ ऐकू आलं.

बायांनो, ओलं सरपण चुलीत घातलं तर काय होतं? धूर होतो आणि डोळे आपलेच चुरचुरतात. तेच लाकूड चार दिवस उन्हात वाळवलं की त्यावर भाकरी होते. लोकांच्या शंकेचं तसंच आहे. रागाच्या भरात तशीच चुलीत घालू नका. आधी वाळवून घ्या. म्हणजे काय करायचं, तर तिच्यातला प्रश्न बाहेर काढायचा.

आता हे मी एकटीच्या अनुभवावरून बोलत नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या बायकांनी हे फार मोठ्या कामात करून दाखवलंय. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, कायम दुष्काळी. तिथं म्हसवड गावात माणदेशी महिला सहकारी बँक आहे. नाव तुम्ही ऐकलं असेल. तिची सुरुवात कशी झाली ते ऐका.

लोहारकाम करणारी, उघड्यावर राहणारी एक बाई होती. पावसाळ्याच्या आधी तिला डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी ती रोजचे थोडे थोडे पैसे साठवायला बँकेत गेली. बँकेने तिचं खातं उघडलं नाही, कारण रक्कम फार छोटी. तिने ही गोष्ट चेतना सिन्हा यांना सांगितली. चेतनाताई मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेल्या आणि लग्न करून म्हसवडला राहिलेल्या. त्यांनी आणि तिथल्या बायकांनी ठरवलं, आपणच बँक काढू.

बँक काढायची तर रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. अर्ज केला. अर्ज परत आला, कारण बँक काढणाऱ्या बायकांपैकी अनेकजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठे उठवले होते.

आता इथं थांबा आणि विचार करा. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी असते तर म्हणाले असते, ‘हे साहेब लोक गरिबाचं ऐकतच नाहीत,’ आणि घरी बसले असते. नाहीतर मोर्चा काढला असता.

त्या बायकांनी त्या नकारातला प्रश्न बघितला. लिहिता-वाचता येत नाही, एवढीच अडचण आहे ना? मग शिकू. दिवसभर काम करून संध्याकाळी त्या शिकायला बसू लागल्या. असे काही महिने गेले. मग पंधराजणी चेतनाताईंबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथं त्यांनी काय सांगितलं? लहानपणी आमच्या गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष? पण हिशोब आम्हाला येतो. तुम्ही कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढून देतो. नाही काढता आलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी काढतं!

परवाना मिळाला. 1997 साली बँक सुरू झाली. गावातल्या बायकांनी गावातल्या बायकांसाठी काढलेली बँक. पुढं त्यांनी बायकांसाठी धंद्याचं शिक्षण सुरू केलं, स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. 2018 मध्ये दावोसला जगभरच्या मोठमोठ्या लोकांची आर्थिक परिषद भरली, तिच्या सहअध्यक्षांमध्ये चेतनाताई होत्या.

आता यात आपल्या कामाचं काय आहे? त्या बायकांनी दोन गोष्टी केल्या. एक, जे खरोखर येत नव्हतं ते शिकून घेतलं. दोन, जे येत होतं ते समोर मांडलं. समोरच्याच्या शंकेत जेवढं खरं होतं तेवढं त्यांनी मान्य केलं आणि जेवढं खोटं होतं ते पुराव्याने खोडून काढलं. भांडण केलं नाही. रडत बसल्या नाहीत.

आणि व्याजाचा हिशोब तर आपल्याला पण येतो. सांगा बरं, दहा हजारांवर दोन रुपये शेकड्याने पाच महिन्यांचं व्याज किती?

हजार. बघा, मागच्या रांगेतल्या मावशींनी माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत सांगितलं. त्यांनी कधी शाळेचं तोंड बघितलेलं नाही.

आता काही बोलण्यात प्रश्न नसतोच, नुसता चिखल असतो. त्याचं काय करायचं? सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट आपण दर 3 जानेवारीला सांगतो. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे. त्या काय करायच्या? जादा लुगडं बरोबर न्यायच्या. शाळेत पोचलं की खराब झालेलं बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. आपण ही गोष्ट त्यांच्या धीराची म्हणून सांगतो. मला त्यात त्यांची तयारी जास्त दिसते. उद्याही शेण पडणार हे त्यांना माहीत होतं. टाकणाऱ्याला बदलण्यात त्यांनी सकाळ घालवली नाही, पिशवीत लुगडं घातलं आणि वेळेवर शाळेत गेल्या. म्हणजे ज्या बोलण्यात प्रश्न नाही, त्याच्यासाठी आपण फक्त तयारी ठेवायची. उत्तर द्यायला थांबायचं नाही.

आता माझंच पुढचं सांगते. कर्ज फिटल्यावर मी सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसले. म्हटलं, ‘आत्या, चुकले. आता मिरची कशी ठेवायची ते तुम्ही सांगा.’ त्यांनी सगळं सांगितलं. मिरची घ्यायची तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, भाव पडलेला असताना. कडक ऊन द्यायचं, हलवली की आतलं बी खुळखुळ वाजलं पाहिजे. दमट हाताने शिवायचं नाही. मसाला झाला की कोरड्या बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवायचा. ही सगळी विद्या घरातच होती. मी तिला विरोध समजत होते.

त्या वर्षी वीसच किलो मसाला केला. सगळा खपला. मग मला वाटलं, जमलं. तेवढ्यात भावजी पुन्हा बोलले, ‘घरातलं घालून धंदा करतीये.’ पुन्हा तिडीक आली. पण या वेळी मी वही घेऊन बसले. म्हटलं, टोमणा असू दे, यात प्रश्न आहे का? प्रश्न होता. मसाल्याला खरोखर किती पडतं, हे मी कधी मांडलंच नव्हतं. मिरची, धणे, खोबरं, तीळ, गरम मसाला, भाजायचं तेल, सरपण, कांडपाचे पैसे, पिशव्या, बाजारला जायचं भाडं आणि माझी स्वतःची मजुरी. सगळं लिहिलं तर किलोला तीनशे वीस पडत होते. आणि मी विकत होते तीनशेला! किलोमागे वीस रुपये मी खिशातून घालत होते. जेवढा जास्त खपेल तेवढी मी जास्त बुडणार होते. भावजी बोलले ते खुसपट काढायला, पण खरं बोलले.

दुसऱ्या दिवसापासून भाव तीनशे ऐंशी केला. चार गिऱ्हाईकं तुटली, बाकीची राहिली. आज माझ्याकडे स्वतःचा डंक आहे, हंगामात गावातल्या तीन बायका कामाला येतात. भावजींच्या घरी मसाला आमचाच जातो. ते काही बोलत नाहीत, मी पण विचारत नाही.

तर ही वही कशी करायची ते सांगते. अवघड नाही. एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात लिहा, कोण काय म्हणालं. दुसऱ्यात लिहा, यात प्रश्न कोणता. तिसऱ्यात लिहा, मी काय करणार आणि कधीपर्यंत. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या.

समजा तुम्हाला शेळ्या घ्यायच्या आहेत. कुणी म्हणालं, ‘रोग आला की सगळ्या मरतील.’ प्रश्न कोणता? लस आणि विमा. काय करणार? घ्यायच्या आधी पशुसखीला भेटून लसीचं वेळापत्रक घेणार, विम्याची चौकशी करणार. कुणी म्हणालं, ‘उन्हाळ्यात काय खायला घालशील?’ प्रश्न चाऱ्याचा. बांधावर काय लावता येईल ते कृषीसखीला विचारणार. कुणी म्हणालं, ‘तुझ्या सात पिढ्यांत कुणी धंदा केला नाही.’ प्रश्न कोणता? काहीच नाही. दुसरा रकाना रिकामा सोडा आणि पुढं चला. ते शेण आहे, त्याला जादा लुगडं.

दोन-तीन महिन्यांनी ते पान बघा. तिसरा रकाना भरत गेला की तीच तुमची कर्ज मागणीची तयारी असते. बँकेचे साहेब तेच प्रश्न विचारतात, गावातले लोक आधी फुकट विचारतात एवढंच.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. कुणाला दाखवायला म्हणून कर्ज काढू नका. ज्याला दाखवायचंय तो हप्ता भरायला येत नाही.

शेवटची गोष्ट सांगायला मला जड जातंय, पण सांगते. आतापर्यंत आपण दुसऱ्यांच्या शंकेबद्दल बोललो. आपण स्वतः काय करतो?

आमच्याच गटात एक बाई होती. नवरा गेलेला, दोन लहान लेकरं. तिने बैठकीत वीस हजारांचं कर्ज मागितलं, घरातच छोटं किराणा दुकान टाकायला. आम्ही अकराजणी होतो. कुणी म्हणालं, ‘हिच्या मागं कोण आहे?’ कुणी म्हणालं, ‘फेडणार कशातून?’ मी अध्यक्ष होते. मी म्हणाले, ‘पुढच्या वेळी बघू.’ पुढच्या वेळी तिने विषय काढला नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

नंतर कळलं, तिने आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलं होतं. एकाचं फेडायला दुसरं, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. हप्तेवाले दारात येऊन बसायला लागले. एक दिवस ती लेकरं घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. घराला अजून कुलूप आहे. मी त्या गल्लीतून जाते तेव्हा खाली बघून जाते.

सगळ्यांना शंकेने बळ येत नाही बायांनो. कुणाचा दिवा त्या फुंकेने विझतो पण. जिच्या मागं सासू आहे, नवरा आहे, माहेर आहे, ती पडली तरी उठते. जिच्या मागं कुणी नाही, तिच्यामागं गट असावा म्हणून तर आपण गट केला ना? आणि तिथंच आपण तिला पारावरच्या माणसांसारखं बोललो.

मी असं म्हणत नाही की मागेल तिला कर्ज द्या. पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे, शंका काढलीच पाहिजे. पण ती प्रश्न म्हणून काढा. ‘फेडणार कशातून’ असं बोलून गप्प बसू नका. ‘दिवसाला किती विक्री होईल वाटतं? उधारी मागितली तर काय करशील? माल कुठून भरणार? चल, आपण दोघी बसून मांडू,’ असं म्हणा. वीस हजार जड वाटतात तर आठ हजारांनी सुरू कर म्हणा. त्या दिवशी आमच्यातल्या एकीने जरी असं म्हटलं असतं, तर आज ती बाई इथं मांडवात असती.

म्हणून येत्या महिन्यापासून आपल्या प्रभागसंघात एक पद्धत पाडू या. कर्ज मागणीला नकार द्यायचा असेल तर इतिवृत्तात नुसतं ‘नामंजूर’ लिहायचं नाही. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही ते लिहायचं, आणि ते शोधायला तिच्याबरोबर कोण बसणार, त्या ताईचं नाव लिहायचं. ग्रामसंघाच्या सचिवांनी हे लिहून घ्या. पुढच्या सभेत मी वह्या बघणार आहे.

आणि घरी गेल्यावर प्रत्येकीने तीन रकान्यांचं एक पान आखा. पहिल्या ओळीत ते वाक्य लिहा, जे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं होतं. मग शांतपणे बघा, त्यात प्रश्न आहे का. असला तर त्याचं उत्तर शोधायला लागा. आणि तो प्रश्न विचारणारी जर तुमची सासू, आई किंवा जाऊ असेल, तर आज रात्रीच तिच्याजवळ जाऊन बसा. आमच्या सासूबाई आता नाहीत. मसाल्याची पहिली बरणी भरली की हिंगाचे खडे टाकताना मला त्यांची आठवण होते, आणि ते पंधरा दिवस आठवतात.

चला, जेवायला बसा. भाजीत मसाला कुणाचा आहे ते मी सांगत नाही.

जय जिजाऊ, जय सावित्री.